धागा: बोट ग्रीसमध्ये शाकारून ठेवलीय, हंगाम तोंडावर आलाय. सुरुवात कुठून करायची?

शिडवाला

नमस्कार मंडळी. आमची ११ मीटरची शिडाची बोट ऑक्टोबरपासून ग्रीसमध्ये प्रेवेझासमोरच्या आक्तिओला यार्डात उभी आहे. फायबरग्लासची, वीसेक वर्षं जुनी, शाफ्टवर (पंख्याच्या दांड्यावर) चालणारं डिझेल इंजिन, ब्रिटिश झेंडा. गेल्या उन्हाळ्यात घेतली, तेव्हा ती पाण्यातच होती. त्यामुळे यार्डातून पाण्यात उतरवायची आमची ही पहिलीच खेप.

२६ मार्चला विमानाने आक्तिओला उतरतोय. (यार्ड विमानतळाच्या इतक्या जवळ आहे की टॅक्सीत नीट बसेपर्यंत उतरायची वेळ होते.) बेत असा: बोट पाण्यात, मग लेफ्काडा, इथाका, केफालोनिया करत खाली पेलोपोनीजपर्यंत. बायको म्हणते यार्डात एक आठवडा पुरे, मला दोन हवेत.

विचारायचं हे आहे की यार्डात आधी काय आणि नंतर काय? यार्डवाल्यांना किती काम सोपवायचं? आणि युरोपात राहायच्या ९० दिवसांचं गणित कसं बसवायचं? माझा पासपोर्ट ब्रिटिश, बायकोचा भारतीय.

भरतीओहोटी

वाचतेय. आमची लेरोस बेटावर आहे, प्रश्न जवळपास हेच. गंजकाभाऊ कुठे आहेत?

गंजका नटबोल्ट

आलो. शिडवाले, आठवडा की दोन यावर घरात वाद घालू नका. कामांची यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा: जे फक्त जमिनीवर होतं ते, आणि जे तरंगतानाही होतं ते. पहिला भाग संपला की बोट पाण्यात. बहुतेक लोक पहिले दोन दिवस पितळेला पॉलिश, गाद्यांना ऊन आणि रेडिओची वायर यात घालवतात, मग क्रेनच्या आदल्या संध्याकाळी आठवतं की तळाचा एक व्हॉल्व्ह हलतच नाहीये.

जमिनीवरची कामं पाणरेषेखालची.

सगळे सीकॉक (तळातून पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) उघडा-बंद करा. पूर्ण फिरले पाहिजेत. आतून-बाहेरून सुरीच्या टोकाने थोडं खरवडा. पिवळं चकाकलं तर ठीक, गुलाबीसर दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते भुसभुशीत तांबं. असा सीकॉक जोर लावल्यावर हातात येतो, आणि तो पाण्यात असताना हातात आलेला कुणालाच नको असतो. वीस वर्षांच्या बोटीवर हे सगळ्यात आधी. एखादा बदलावा लागला तर सुटा भाग यायला चार दिवस जातात, म्हणून पहिल्याच सकाळी बघा. पाइपच्या क्लिपाही बघा, तळाच्या प्रत्येक जोडाला दोन हव्यात. प्रत्येक सीकॉकला लाकडी खुंटी बांधलेली असू द्या.

शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. खडखडला तर बाहेरचं रबरी बेअरिंग झिजलंय, तेही आत्ताच. अ‍ॅनोड (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) अर्ध्याहून जास्त खाल्लेला असेल तर नवा लावा, आणि त्याला रंग फासू नका! रंगवलेला अ‍ॅनोड काही कामाचा नाही. वेग मोजणारं चाक मोकळं फिरतंय का, तेही बघून घ्या.

मग अँटिफाउलिंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग. जुना थर कोरडा घासू नका. ती पूड विषारी असते, शेजारच्या बोटीवाल्यांनाही भोगावी लागते. पाणी मारत घासा, तोंडाला चांगला मास्क. डब्यावर रंग लावल्यापासून पाण्यात जाईपर्यंतचा किमान वेळ लिहिलेला असतो, काही रंगांना कमाल वेळही असतो. क्रेनची तारीख ठरली की तिथून उलटं मोजून रंगवा.

इंजिन, बॅटरी, शिडं यांचं नंतर लिहितो. जेवायला बोलावलंय.

लाटालहरी

गंजकाभाऊंशी सहमत, एक सोडून. गाद्यांना ऊन पहिल्याच दिवशी. हिवाळाभर बंद असलेल्या केबिनमध्ये बुरशी असते, आणि त्या वासात दहा दिवस झोपलात तर पाण्यात उतरेपर्यंत माणसंच आजारी. सगळ्या फळ्या उचला, कपाटं उघडी टाका, मग खुशाल सीकॉक खरवडत बसा.

बोटीवर राहणार की बाहेर खोली घेणार? यार्डात उभ्या बोटीवर राहायला रोमँटिक वाटतं, पण शिडी चढून-उतरून गुडघे बोलायला लागतात. स्वच्छतागृह खाली, रात्री अंधारात. बोटीवरचा संडास वापरता येत नाही, भांड्याचं सांडपाणीसुद्धा दुसऱ्याच्या ओल्या रंगावर जायला नको. निदान पहिल्या काही रात्री प्रेवेझा गावात खोली घ्या असं मी सांगेन. आक्तिओहून गावात जायला समुद्राखालून बोगदा आहे, २००२ पासून. गाडीने काही मिनिटं.

शिडी वर बांधायचीच. कुणी "दोन मिनिटांत येतो, कशाला बांधायची" म्हणालं तर त्याला खालीच ठेवा.

शिडवाला

ताई, खोलीचं घरात वाचून दाखवलं. एका बाजूने जोरदार टाळ्या पडल्या.

ओलावा

कागदपत्रांचं मी लिहितो, कारण इथे लोक दोन घड्याळं एकच समजतात. माणसाचं घड्याळ वेगळं, बोटीचं वेगळं.

माणसाचं: शेंगेनमध्ये (युरोपातले सामाईक व्हिसाचे देश, ग्रीसही त्यातच) कोणत्याही १८० दिवसांच्या पट्टीत ९० दिवस. पट्टी रोज एक दिवस पुढे सरकते. आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस, दोन्ही धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नोंद संगणकावर यायला लागली, बोटांचे ठसे आणि चेहऱ्यासकट. शिक्का अस्पष्ट होता वगैरे सबबी आता विसरा. वहिनींच्या व्हिसावर एकूण दिवस किती दिलेत ते नीट वाचा. ते ९० पेक्षा कमी असू शकतात, आणि व्हिसा किती महिने वैध आहे त्याच्याशी त्या दिवसांचा संबंध नसतो. व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, नाहीतर एकदा अल्बानियाला जाऊन आलात की वहिनी बाहेर आणि तुम्ही आत.

बोटीचं: युरोपियन युनियनबाहेरच्या झेंड्याची, बाहेर राहणाऱ्या मालकाची बोट व्हॅट न भरता १८ महिने ठेवता येते. ब्रिटिश झेंड्याला हे २०२१ पासून लागू. ग्रीसमध्ये त्यासाठी कस्टम्सकडून ट्रान्झिट लॉग मिळतो. शाकारताना तो तुम्ही कस्टम्सकडे जमा केला असणार. तसं असेल तर तो परत हातात आल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका. आधी कागद, मग क्रेन.

आणखी तीन गोष्टी. ७ मीटरवरच्या बोटींना तेपाई हा कर आहे, तो ऑनलाइन भरून पावती छापून ठेवा. १२ मीटरच्या आत असल्याने तुमचा दर महिन्याला ठरावीक बसतो, त्याच्या वर दर महिन्याला मीटरमागे मोजतात. विम्याच्या दाखल्याची ग्रीक भाषेतली प्रत विमा कंपनीकडून मागवा. आणि बोट चालवण्याचं स्वतःचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा.

भरतीओहोटी

ओलावा, मग दोन्ही घड्याळं एकदम थांबवायची जागा कुठली? पूर्वी लोक क्रोएशिया सांगायचे.

ओलावा

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये गेला, त्यामुळे तो रस्ता बंद. आयोनियन बाजूला असाल तर कोर्फूसमोरचं अल्बानियातलं सारांडा. लेरोसहून तुम्हाला तुर्कस्तान समोरच आहे. दोन्ही देश शेंगेनबाहेर आणि युनियनबाहेरही. माणसाचे दिवस तिथे मोजले जात नाहीत, आणि बोट रीतसर बाहेर जाऊन परत आली की तिचे १८ महिने नव्याने सुरू. रीतसर हा शब्द महत्त्वाचा: जाताना ग्रीक बंदरात नोंद, तिकडची नोंद, येताना पुन्हा नोंद. तिकडच्या शिक्क्याचे कागद फाइलमध्ये. नुसतं दुपारी जेवून परत येऊन चालत नाही.

माणसाचे वापरलेले दिवस मात्र पुसले जात नाहीत हं. बाहेर गेलात की मोजणी थांबते एवढंच.

काठावरची

प्रामाणिक प्रश्न, चिडू नका. हे सगळं वाचून असं वाटतंय की सुट्टीतली निम्मी सुट्टी यार्डात जाते. त्यापेक्षा दरवर्षी दोन आठवडे चार्टरची बोट का घेत नाही? किल्ली घ्या, फिरा, किल्ली परत द्या.

लाटालहरी

चिडत कशाला? दोन आठवड्यांसाठी चार्टरच घ्यावी. स्वतःची बोट वर्षाला दोन आठवडे वापरणाऱ्याला मी विकायलाच सांगते. यार्डाचं भाडं, विमा, रंग, क्रेन यांचा हिशेब कागदावर मांडला तर चार्टर कित्येक पट स्वस्त पडते.

पण चार्टरवर शनिवारी परत यावं लागतं. वारा उलटा असला तरी. स्वतःच्या बोटीवर एखाद्या खाडीत अडकलात तर अडकलात, पुस्तक वाचा. मला तेवढ्यासाठी यार्ड चालतं. प्रत्येकाला चालेल असं नाही.

गंजका नटबोल्ट

काठावरची, मला यार्डच आवडतं. बायको म्हणते बोट पाण्यात गेली की माझा चेहरा पडतो.

असो, उरलेलं लिहितो.

इंजिन. शाकारताना इंपेलर (इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारं रबरी चाक) काढून ठेवला असेल तर बसवा. ठेवला नसेल तर नवा घाला, कारण महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून राहिलेल्या पाकळ्या वाकड्याच राहतात. पट्टा, तेल, दोन्ही डिझेल फिल्टर. टाकीच्या तळाचं थोडं डिझेल बाटलीत काढून उजेडात धरा. पाण्याचा थर किंवा काळा शेवाळासारखा गाळ दिसला तर ती डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणारी जंतूंची वस्ती. ती तशीच ठेवून निघालात तर पहिल्या मोठ्या लाटेत ढवळून फिल्टरमध्ये जाणार.

टाकीला हवा देणारी नळी बघा! दरवर्षी कुणीतरी यात फसतं. हिवाळ्यात गांधीलमाशी त्या नळीच्या तोंडाशी मातीचं घर करते. इंजिन छान सुरू होतं, अर्धा-पाऊण तास चालतं, मग गुदमरून बंद. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. लोक फिल्टर बदलतात, पंप बदलतात, मेकॅनिकला बोलावतात. टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत गेली तर समजा नळी बंद आहे. एक तार घालून साफ होतं. पाण्याच्या टाकीच्या नळीलाही तेच.

बॅटरी. चार्जर आणि सोलर बंद करून काही तास तसंच सोडा, मग मोजा. लेड-अ‍ॅसिड असेल तर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. हिवाळाभर १२ च्या खाली पडून राहिली असेल तर चार्ज दाखवेल पण टिकवणार नाही, नवी घ्या.

डोलकाठी. तारांच्या टोकांना दाबून बसवलेल्या नळ्यांवर भिंगाने बघा. केसासारखी भेग किंवा गंजाचा ओघळ दिसला तर ती तार बदलायची, वाद नाही. सगळ्या पिना जागेवर आहेत ना, दुमडलेल्या आहेत ना. तारा दहा वर्षांच्या पुढच्या असतील तर विमा कंपनी विचारतेच. आधीच्या मालकाने शेवटच्या कधी बदलल्या, त्याचं बिल मागा. काठीवर चढायचं ते बोट पाण्यात गेल्यावर, यार्डात ठोकळ्यांवर नाही.

शिडवाला

बिल आहे, २०१७ चं. म्हणजे पुढच्या वर्षी दहा पूर्ण. खर्चाचा आकडा आत्ताच घरात सांगावा की हंगाम संपल्यावर?

गंजका नटबोल्ट

हंगामाच्या मध्यावर, सूर्यास्ताला, नांगर छान धरलेला असताना.

लाटालहरी

आयोनियनमध्ये वसंतात सहारातून धूळ येते. २३ एप्रिल २०२४ ला अख्खं अथेन्स नारिंगी झालं होतं, फोटो पाहिले असतील. तीच धूळ पावसाबरोबर पडली की बोटीवर लाल चिखल. दोर, कप्प्या, काठीची खाच, सगळीकडे. शीड चढवायच्या आधी काठी आणि दोर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पांढऱ्या शिडावर लाल पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत.

पाण्याची टाकी रिकामी करून क्लोरीनचं पाणी फिरवा, मग दोनदा धुवा. संडासाच्या पंपातली रबरं कडक झालेली असतात, सुटा संच आधीच मागवून बरोबर न्या.

"बरोबर न्या" वरून आठवलं, सामानाचं. फ्लेअर (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या) विमानात चालत नाहीत, कुठल्याच बॅगेत. रंग आणि थिनरही नाही. मुदत संपलेले फ्लेअर तिथेच बदला. आपोआप फुगणाऱ्या लाइफजॅकेटमध्ये बसवलेले दोन छोटे गॅस सिलिंडर आणि दोन सुटे चालतात, पण विमान कंपनीची परवानगी आधी लेखी घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. आणि ब्रिटनमधून सुटे भाग कुरियरने मागवायचा विचार असेल तर कस्टम्स आणि २४ टक्के व्हॅट धरून चला. छोट्या वस्तू बॅगेतच बऱ्या.

काठावरची

यार्डवाल्यांना किती काम द्यायचं हा मूळ प्रश्न तसाच राहिला की.

ओलावा

माझं मत: रंग, पॉलिश, क्रेन त्यांना द्या. सीकॉक, इंजिनचं पाणी आणि शाफ्टचं सील (दांड्याभोवतून पाणी आत येऊ न देणारा जोड) स्वतः बघा. कारण पुढे कुठल्यातरी बेटाआड मध्येच काही बंद पडलं तर तिथे यार्ड नसतं, तुम्ही असता. कुठला पाइप कुठे जातो हे हाताला माहीत असलेलं बरं. काम दिलंत तर ईमेलवर लिहून द्या, कामाआधी अंदाज घ्या, आणि झाल्याचे फोटो मागा. "झालं" आणि "उद्या होतंय" यांत मार्च-एप्रिलमध्ये फारसा फरक नसतो. सगळ्या बोटी एकाच वेळी पाण्यात जायच्या असतात, माणसं तेवढीच.

गंजका नटबोल्ट

सहमत. त्यावरून तारखेचं. यंदा ऑर्थोडॉक्स ईस्टर १२ एप्रिलला आहे. शुक्रवार १० ते सोमवार १३ यार्डात चिटपाखरू नसेल, आणि आधीच्या आठवड्यात प्रत्येकाला "ईस्टरच्या आधी" पाण्यात जायचं असेल. तुम्ही २६ ला पोचताय ते बरंय, २५ मार्च त्यांची राष्ट्रीय सुट्टी. माझा सल्ला: क्रेन मंगळवार १४ किंवा बुधवार १५ ला सांगा. ईस्टरच्या आधीची जागा मिळते म्हणून घाई करून गेलात आणि पाणी गळायला लागलं, तर सगळं बंद असताना कुणाला हाक मारणार?

क्रेनच्या दिवशी पट्टे सोडायच्या आधी आत जाऊन प्रत्येक सीकॉक आणि शाफ्टचं सील बघा. क्रेनवाला घाई करेल, करू द्या. शाफ्टला रबरी सील असेल तर बोटाने दाबून त्यातली हवा काढा, पाण्याचे थेंब यायला लागले की सोडा. हवा अडकून राहिली तर ते सील कोरडं फिरून जळतं. मग इंजिन सुरू, आणि लगेच मागे बघा: एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का. काही सेकंदांत दिसलं नाही तर बंद.

शिडवाला

१४ एप्रिल मागितली, मिळाली. म्हणजे यार्डात जवळजवळ तीन आठवडे. पण २६ मार्चपासून मोजलं तर त्यात शेंगेनचे १९ दिवस जातात ना? पेलोपोनीजला ते कमी पडतील.

ओलावा

जातात. म्हणून एक तर २६ ऐवजी ५-६ एप्रिलच्या सुमाराला या, ईस्टरची सुट्टी गादी-ऊन-धुलाईत घालवा, आणि सीकॉकची तपासणी यार्डाकडून आत्ताच करून फोटो मागवा. नाहीतर पेलोपोनीज पुढच्या वर्षी.

लाटालहरी

मी पेलोपोनीज पुढच्या वर्षी म्हणेन. नव्या बोटीवर पहिल्या हंगामात लांबचा पल्ला कशाला? जुलै-ऑगस्टमध्ये आयोनियनमध्ये दुपारी वायव्येचा वारा सुटतो, संध्याकाळी पडतो. खाली जाताना तो पाठीवर असतो, मजा येते. परत वर येताना तोच तोंडावर. मुदत संपत आलेली, वारा समोरून, आणि व्हिसाचे दिवस मोजत बसलेलं जोडपं, याचं काय होतं ते सांगायला नको.

आणि पाण्यात उतरल्यावर थेट दक्षिणेला सुटू नका. प्रेवेझाच्या मागे आंब्राकियन आखात आहे, आत वळायचं. चारही बाजूंनी जमीन, लाट नाही, वर्दळ कमी. डॉल्फिन आणि समुद्री कासवं दिसतात. आतल्या व्होनित्सा गावी व्हेनिसकालीन किल्ल्याखाली नांगर टाका, तीन-चार दिवस आतच फिरा. शिडं वर-खाली करा, रीफ घ्या (शीड आखूड करून बघा), नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून परत आत घ्या, रात्री एकदा दिवे लावून बघा. काही मोडलं तर यार्ड तासा-दोन तासांवर. लेफ्काडाला गेलात की पूल उघडायची वाट, कालवा, गर्दी सुरू होते.

काठावरची

आक्तिओ म्हणजे अँटनी-क्लिओपात्रा हरले तेच ना?

लाटालहरी

तेच. इसवी सनपूर्व ३१, आखाताच्या तोंडाशी. १५३८ ला तिथेच तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाने युरोपीय आंद्रेआ डोरियाच्या आरमाराला मागे रेटलं. अँटनीचं आरमार महिनोन्‌महिने त्या आखातात अडकलं होतं, रसद तुटली, माणसं आजारी पडली. शिडवाले, तुमचा बेत तीन-चार दिवसांचाच आहे, काळजी नको.

शिडवाला

ठरलं मग. ६ एप्रिलला पोचतो, तिकिटं बदलली. यार्डाला सीकॉकबद्दल ईमेल गेलीय, फोटो मागवलेत. क्रेन १४ ला, नंतर आखात, मग इथाका-केफालोनिया, आणि दिवस उरले तर वर कोर्फू. पेलोपोनीज रद्द. खोली चार रात्रींची घेतली.

एकच शंका: ठोकळे आणि आधाराचे खांब जिथे टेकलेत तिथे रंग कसा लावायचा?

गंजका नटबोल्ट

ईस्टरच्या सुट्टीआधीच यार्डाला विचारा, रात्रभर पट्ट्यांवर टांगून ठेवतात का. बऱ्याच ठिकाणी दिवसाची शेवटची बोट तशी ठेवतात, म्हणून संध्याकाळची शेवटची पाळी मागा. रात्री ते चौकोन घासून दोन हात मारा, सकाळी पाण्यात. तसं जमलं नाही तर उचलल्यावर मिळतील तेवढ्या मिनिटांत एक हात. रोलर आणि डबा हातात तयार ठेवा, झाकण आधीच सैल करून. कीलच्या (बोटीच्या पोटाखालच्या जड पात्याच्या) तळाला विसरू नका, तिथे वर्षभरात सगळ्यात जास्त शिंपले धरतात.

भरतीओहोटी

लेरोसला विचारलं, रात्रभर टांगत नाहीत. वीस मिनिटं देतात म्हणाले.

गंजका नटबोल्ट

वीस मिनिटं पुष्कळ झाली. दोन माणसं, दोन रोलर, एक डाव्या बाजूला, एक उजव्या.